जन्मतः सदोष हृदय आणि घरचा व्यायाम

ज्या घरात हृदयाचा जन्मजात दोष असलेले मूल असते, त्या घरातील सर्वांची माया बहुधा एकाच वाक्यात साठलेली आढळते. ते वाक्य म्हणजे, "तू बैस हो, तुला दम लागेल." आजी ते म्हणते, काकू म्हणते, वडील कचेरीतून आल्यावर म्हणतात, आणि शाळेत गेल्यावर गुरुजीही तेच म्हणतात. कवायतीच्या तासाला सारा वर्ग मैदानावर आणि एक मूल निंबाच्या झाडाखाली इतरांची दप्तरे राखीत बसलेले, हा देखावा ज्याने उभे आयुष्य शाळेत घालविले त्यास अपरिचित नाही. ह्या वाक्यामागील वात्सल्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु वात्सल्य आणि हित ह्या दोन गोष्टी सदैव एकच असतात असे नव्हे; आणि प्रस्तुत विषयात तर त्या पुष्कळदा परस्परांच्या विरुद्ध दिशेने चालतात, असे आधुनिक वैद्यकाचे स्पष्ट मत झालेले आहे.

प्रथम हा दोष म्हणजे काय ते पाहू. आपल्या हृदयाचे चार कप्पे असतात, दोन वरचे व दोन खालचे. उजव्या बाजूचे कप्पे अशुद्ध रक्त फुप्फुसांकडे धाडतात. डाव्या बाजूचे कप्पे शुद्ध रक्त सर्व शरीरास पुरवितात. मध्ये पडदा असतो आणि वाटांवर झडपा असतात. गर्भावस्थेच्या पहिल्या दोन महिन्यांतच ही सारी रचना सिद्ध होते. ह्या अवधीत कोठे पडद्यास छिद्र राहते, कोठे झडप अरुंद होते, कोठे रक्तवाहिन्यांची अदलाबदल होते. जन्मास येणाऱ्या दर हजार बालकांमागे सुमारे आठ-नऊ बालकांत असा काही ना काही दोष असतो. त्यांपैकी कित्येक छिद्रे आपोआप बुजतात. काही दोषांना मात्र शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नसते. हा कोणाच्या पापाचा वा ग्रहणात काही चिरल्याचा परिणाम नव्हे, हे आपल्या घरांतून एकदा निक्षून सांगितले पाहिजे. कारण त्या समजुतीचा सारा भार विनाकारण मुलाच्या आईवर पडतो.

ऐंशी वर्षांपूर्वी अशा मुलांसाठी करण्यासारखे फारसे नव्हते. १८८८ साली फ्रान्समधील मार्सेय येथील फालो ह्या वैद्याने चार दोषांच्या एका समुच्चयाचे वर्णन केले, तो समुच्चय आज त्याच्याच नावाने ओळखला जातो. ह्या विकाराची मुले निळसर दिसतात आणि चार पावले धावली की आपण होऊन उकिडवी बसतात. तसे बसल्याने पायांकडील रक्तप्रवाहास अडथळा होऊन अधिक रक्त फुप्फुसांकडे वळते व जिवास आराम पडतो. ही युक्ती त्यांस कोणी शिकविलेली नसते. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी अमेरिकेतील बाल्टिमोर येथे, डॉ. हेलन टॉसिग ह्या विदुषीच्या कल्पनेवरून आणि व्हिव्हियन थॉमस ह्या साहाय्यकाच्या पूर्वप्रयोगांच्या आधारे, डॉ. आल्फ्रेड ब्लेलॉक ह्यांनी अशा एका बालिकेवर पहिली शस्त्रक्रिया केली. १९५३ साली डॉ. जॉन गिबन ह्यांनी हृदय व फुप्फुस ह्यांचे काम काही काळ यंत्राकडे सोपवून पडद्यातील छिद्र यशस्वी रीतीने शिवले. पुढे ज्यांच्या हृदयात खालचा एकच कप्पा कामाचा असतो त्यांच्यासाठीही १९६८ साली बोर्दो येथील फाँटाँ ह्यांनी मार्ग काढला. परिणाम असा झाला, की जी मुले पूर्वी बालपण ओलांडीत नसत ती आज शिकून, नोकरीस लागून, प्रपंच करू लागली आहेत. प्रगत देशांत तर ह्या विकाराच्या बालकांपेक्षा प्रौढांचीच संख्या अधिक झाली आहे.

येथेच नवा प्रश्न उभा राहतो. शस्त्रवैद्याने भोक बुजविले, झडप मोकळी केली. म्हणून काही शरीरास बळ आपोआप येत नाही. ज्या मुलाने आयुष्याची पहिली दहा वर्षे बसून काढली, त्याच्या मांड्यांचे व पोटऱ्यांचे स्नायू दुबळे राहतात, फुप्फुसे पूर्ण फुलण्याची सवय नसते, वजन वाढते. मग दोन जिने चढताच दम लागतो. आणि दम लागतो म्हणून घरची मंडळी त्यास पुन्हा बसवितात. दम लागतो तो सर्वस्वी हृदयामुळेच असे नव्हे. त्यातील बराच भाग ह्या बसून राहण्याचा असतो. हे दुष्टचक्र आहे, आणि ते तोडण्याचा उपाय औषधाच्या बाटलीत नाही.

स्नायूंचे महत्त्व किती आहे हे पोटऱ्यांच्या उदाहरणावरून ध्यानात येईल. पायांतील रक्त वर चढविण्याचे काम चालताना पोटऱ्यांचे स्नायू करतात. ते आवळतात तेव्हा शिरांतील रक्त वर ढकलले जाते व शिरांतील लहान झडपा ते खाली परतू देत नाहीत. फाँटाँच्या शस्त्रक्रियेनंतर तर फुप्फुसांकडे रक्त ढकलण्यास स्वतंत्र कप्पाच उरलेला नसतो. अशा मनुष्याच्या बाबतीत पोटऱ्या म्हणजे जणू दुसरे हृदयच होय. त्यास बसवून ठेवणे म्हणजे ते दुसरे हृदयही बंद पाडणे होय.

आता कोणी म्हणेल, की मग ह्या मुलांनी तालमीत जाऊन जोर काढावे की काय? तसे मुळीच नाही. आपल्या वऱ्हाडास व्यायामाचे वावडे नाही. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून नांदत आहे आणि त्याच्या मल्लांनी १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिक प्रसंगी आपले खेळ जगास दाखविले. परंतु आपली व्यायामाची कल्पना बलवानाची आहे. दुर्बलाने किती करावे ह्याचा विचार आपण कमी केला. वस्तुतः प्राचीनांनी तो केला होता. वाग्भटाने बलवंतांसही अर्ध्या शक्तीनेच व्यायाम सांगितला आहे, आणि अर्धे बळ खर्ची पडले हे ओळखावे कसे, तर हृदयस्थ वायू मुखावाटे येऊ लागला म्हणजे, असे लक्षण सुश्रुतात दिले आहे. आजचे वैद्य ह्यालाच बोलण्याची कसोटी म्हणतात: चालताना वाक्य बोलता आले पाहिजे, पण गाणे म्हणता येऊ नये. आपल्या घरांपुरते सांगावयाचे तर, मनाचा एखादा श्लोक चालता चालता सुखाने म्हणता यावा, पण आरती खड्या सुरात म्हणता येऊ नये, इतका वेग बहुतेकांस योग्य. प्राचीनांस ह्या विकाराचे ज्ञान होते असा आमचा दावा नाही. मात्रेचा विवेक त्यांस होता, एवढेच म्हणणे आहे.

ही मात्रा ठरविणार कोण, आणि रोज पाहणार कोण, हा खरा पेच. बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात तो विशेष बिकट आहे. दोष हुडकून काढण्याची सोय आता पूर्वीपेक्षा बरी आहे. २०१३ साली पालघर येथे आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमान्वये वैद्यकीय पथके अंगणवाड्यांतून वर्षातून दोनदा व सरकारी शाळांतून एकदा मुलांची तपासणी करतात, आणि हृदयाचा जन्मजात दोष हा त्या तपासणीतील एक विषय आहे. नवी मुंबईत खारघर येथील श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात बालकांच्या हृदयावर मोफत शस्त्रक्रिया होतात. २०२४ साली बुलढाण्यास शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. परंतु शस्त्रक्रियेनंतर वैद्याच्या देखरेखीखाली आठवड्यातून दोन-तीन वेळा व्यायाम करून घेणारी केंद्रे मोठ्या शहरांतच आढळतात. बुलढाण्याहून छत्रपती संभाजीनगर दीडशे किलोमीटरच्या घरात. मुंबई मलकापुराहून रेल्वेने साडेचारशे किलोमीटरांहून अधिक. लोणार, संग्रामपूर वा जळगाव जामोदच्या गृहस्थाने मुलास घेऊन आठवड्यातून तीनदा हा प्रवास करावा, असे कोण म्हणेल?

ह्या अडचणीवर जो तोडगा जगभर पुढे आला आहे तो म्हणजे ॲपच्या साहाय्याने घरी करावयाचा व्यायाम. ॲप म्हणजे मोबाईलमध्ये घालावयाची एक कार्यप्रणाली. ह्या कामासाठी योजलेली ॲप साधारणतः चार गोष्टी करतात. पहिली, वैद्याने वा व्यायामतज्ज्ञाने आखून दिलेला क्रम चित्रफितींच्या रूपाने दाखविणे. दुसरी, मनगटी घड्याळाच्या साहाय्याने पावले व नाडीचे ठोके मोजणे. घड्याळाच्या तळाशी असलेला हिरवा प्रकाश त्वचेवर पडतो आणि रक्ताच्या प्रत्येक लाटेबरोबर परत येणाऱ्या प्रकाशात जो बदल होतो त्यावरून ठोके गणले जातात. तिसरी, व्यायामानंतर "किती कष्ट वाटले?" असे विचारून त्याचे उत्तर अंकांत नोंदणे, स्वीडनमधील मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग ह्यांनी ह्यासाठी सहापासून वीसपर्यंतची एक पट्टी तयार केली, तीच पुष्कळ ठिकाणी वापरतात. आणि चौथी, ही सारी नोंद दूरच्या वैद्यास पाठविणे. थोडक्यात, ॲप ही एक वही आहे, एक घंटा आहे आणि एक टपालवाला आहे.

ह्याचा उपयोग कितपत होतो? भाबडेपणा टाळून उत्तर दिले पाहिजे. २०१३ साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने एक निवेदन काढून, ह्या विकाराच्या मुलांस व प्रौढांस हालचालीपासून रोखण्याऐवजी हालचालीस प्रवृत्त करावे, असे वैद्यांस सांगितले. २०२० साली कॉक्रेन ह्या संस्थेने १५ प्रयोगांचा व ९२४ रुग्णांचा एकत्र विचार केला. तेव्हा व्यायामाने शरीराची प्राणवायू वापरण्याची शक्ती थोडीशी वाढते असे दिसले. वाढ थोडी, पण खरी. उलटपक्षी, म्युनिक येथील वैद्यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मुलांना इंटरनेटवरून चित्रफिती दाखवून २४ आठवडे, आठवड्यातून तीनदा, वीस वीस मिनिटे घरी व्यायाम दिला. अपाय झाला नाही. पण व्यायाम दिलेल्या व न दिलेल्या मुलांत शारीरिक क्षमतेचे लक्षणीय अंतरही पडले नाही.

ह्या दोन निष्कर्षांत आम्हांस विरोध वाटत नाही. व्यायामात गुण आहे. चित्रफीत नुसती समोर ठेवण्यात तो नाही. पुस्तक घरी आणून ठेवल्याने मुलगा विद्वान होत नाही, हे आम्हां शिक्षकांस कोणी सांगावयास नको. पहिल्या पंधरवड्यात नवलाई असते, पुढे घंटा वाजते आणि मूल ती बंद करते. यंत्र आठवण देऊ शकते, मोजू शकते. हात धरून अंगणात नेणे त्यास साधत नाही. ती उणीव भरून काढण्याचे सामर्थ्य आपल्या एकत्र कुटुंबात आहे. ज्या घरात आजोबा आहेत, आत्या आहे, दोन चुलतभावंडे आहेत, त्या घरात रोज सायंकाळी अर्धा तास बरोबर चालणारा एक सोबती निघू नये काय? शिवाय आजोबांच्या गुडघ्यांस आणि काकूंच्या मधुमेहासही त्या चालण्याचा लाभच आहे. पुष्कळशी ॲप इंग्रजी भाषेत असतात. तेव्हा नातवाने वाचून दाखवावे आणि आजीने आठवण ठेवावी, अशी वाटणी सहज करता येईल.

मात्र पाऊल टाकण्यापूर्वी काही नियम ध्यानात ठेवावेत. पहिला व अनुल्लंघनीय नियम असा, की आरंभ हृदयरोगतज्ज्ञाच्या लेखी सल्ल्यानेच व्हावा. महाधमनीची झडप फार अरुंद असणे, महाधमनी फुगलेली असणे, फुप्फुसांतील रक्तदाब वाढलेला असणे, ठोक्यांची लय बिघडलेली असणे, ह्या अवस्थांत व्यायामाचे नियम अगदी निराळे असतात, आणि काही वेळा तो वर्ज्यही असतो. "आमच्या मुलास कोणता व्यायाम चालेल, कोणता चालणार नाही, नाडी कितीपर्यंत जाऊ द्यावी?" हे तीन प्रश्न कागदावर लिहून न्यावेत व उत्तरे लिहून आणावीत. वैद्य घाईत असतात हे खरे. पण लिहिलेल्या प्रश्नास उत्तर मिळतेच.

दुसरा नियम नाडीविषयी. दोनशे वीसमधून वय वजा करून नाडीची मर्यादा काढण्याची जी रीत सर्वत्र सांगितली जाते, ती ह्या रुग्णांस लावू नये. ठोके मंद करणारी औषधे चालू असली, पेसमेकर बसविलेला असला किंवा फाँटाँची शस्त्रक्रिया झालेली असली, तर नाडी इतरांप्रमाणे चढतच नाही. अशा वेळी ॲप "आणखी जोर करा" असे सांगेल. ते ऐकू नये. घड्याळाचा पट्टा सैल असला वा लय अनियमित असली तर त्याचे आकडेही चुकतात. तेव्हा श्लोकाची कसोटी वर आणि घड्याळ खाली, अशी पायरी ठेवावी. दहा हजार पावलांचा हट्टही नको. तो आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकावयास आलेल्या एका पाऊलमोजणी यंत्राच्या नावातून रूढ झाला, वैद्यकशास्त्रातून नव्हे.

प्रत्यक्ष क्रम साधा आहे. पहिला आठवडा काहीच न वाढविता, मूल रोज किती चालते एवढेच मोजावे. पुढे दर आठवड्यास त्यात सुमारे एक दशांश भर घालावी. आरंभी पाच मिनिटे सावकाश चालणे, मग ठरलेला वेग, आणि शेवटी पुन्हा पाच मिनिटे सावकाश. धावता धावता एकदम उभे राहू नये, कारण पायांत रक्त साचून भोवळ येण्याचा संभव असतो. आठवड्यातून दोन दिवस, वैद्याची अनुज्ञा असल्यास, खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीस हात लावून रेटणे आणि टाचा उचलून चवड्यांवर उभे राहणे, हे प्रत्येकी आठ-दहा वेळा करावे. श्वास कोंडून कोणतेही कष्ट करू नयेत. विहिरीतून भरलेली बादली ओढणे, धान्याचे पोते उचलणे, कुंभक करून सूर्यनमस्कार घालणे ह्यांत छातीतील दाब अकस्मात वाढतो. म्हणून ती कामे वैद्यास विचारल्यावाचून नकोत. छातीचे हाड कापून शस्त्रक्रिया झाली असेल तर ते सांधण्यास सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर ओझे आणि सायकल दोन्ही वर्ज्य. रक्त पातळ ठेवणारे औषध चालू असल्यास कबड्डीसारखे अंगावर येणारे खेळ टाळावेत. अंगात ताप असता व्यायाम करू नये.

आपल्या जिल्ह्यात ऋतूचाही विचार हवा. बुलढाणा घाटावर असल्याने तेथील हवा सौम्य. परंतु खाली पूर्णेच्या खोऱ्यात, मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव ह्या बाजूस वैशाखात पारा चाळीस अंशांच्या वर जातो. ज्यांचे ओठ निळसर असतात त्यांचे रक्त मुळातच दाट असते. घामाने पाणी गेले की ते अधिक दाट होऊन गुठळी होण्याचे भय असते. म्हणून उन्हाळ्यात सूर्योदयापूर्वी किंवा दिवस मावळल्यावर चालावे आणि पाण्याचा तांब्या जवळ असावा. ज्यांस पाणी मोजून पिण्यास सांगितले आहे त्यांनी मात्र वैद्याचे माप पाळावे.

छातीत दुखणे, भोवळ, एकाएकी धडधड, ओठ अधिक निळे पडणे, एक वाक्यही बोलवेनासे होणे, ह्यांपैकी काहीही दिसले की व्यायाम तत्क्षणी थांबवावा. आणि श्रम करताना शुद्ध हरपली तर ॲपच्या सूचनेची वाट न पाहता १०८ क्रमांकावर दूरध्वनी करून रुग्णवाहिका बोलवावी.

शेवटी एका नाजूक गोष्टीचा उल्लेख करणे प्राप्त आहे. मुलाच्या दुखण्याची वाच्यता होते. मुलीचे दुखणे पुष्कळ घरांत झाकले जाते, कारण पुढे लग्न जमवावयाचे असते. झाकलेल्या दुखण्याची तपासणी होत नाही, आणि तपासणीवाचून व्यायामाची मात्रा ठरत नाही. मुलगी माजघरात बसून वाढते, आणि पुढे गृहस्थाश्रमाचे श्रम, कदाचित मातृत्वाचेही श्रम, त्या अभ्यासहीन शरीरावर एकदम येऊन पडतात. गर्भारपणात रक्ताचे आकारमान जवळजवळ दीडपट होते. ते वाहणाऱ्या हृदयाची स्थिती आधी ठाऊक असणे किती अगत्याचे आहे, हे काय सांगावे? छातीवरचा व्रण लपविण्यापेक्षा तिचे पाय बळकट करणे हे तिच्या वडीलधाऱ्यांचे खरे कर्तव्य होय.

तेव्हा ज्यांच्या घरी असे मूल, अशी सून वा असा तरुण असेल, त्यांनी पुढील तपासणीच्या वेळी ते तीन प्रश्न अवश्य विचारावेत. अनुज्ञा मिळाली, की मोबाईलमध्ये ॲप घालावयास पाच मिनिटे लागतात. सोबतीस कोण जाणार हे ठरविण्यास मात्र घरच्या मंडळींनी एकत्र बसले पाहिजे. सोमवारी आजोबा, मंगळवारी आत्या, बुधवारी थोरला भाऊ, अशी पाळी एका कागदावर लिहून तो स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवावा. आणि "तू बैस हो" असे शब्द ओठांवर येतील तेव्हा क्षणभर थांबून, "चल, मीही येते" असे म्हणावे.